मोठ्या साहेबांच्या पानामागची पेन्सिल

भित्र्या माणसाकडे किस्से फार साठतात. धीट माणूस बोलून मोकळा होतो, आम्ही मनात ठेवतो. शिकागोच्या आमच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून कपाटांत जपतात तिथे, मी चार वर्षं पीएचडी करतेय. चारही वर्षं घाबरण्यात गेली.

पहिल्याच दिवशी सवयीने बोटाला थुंकी लावून झाड चिकटवलेलं एक जुनं पान उलटलं. आमच्या कलेक्शन मॅनेजर सुलभाकाकू, मूळच्या नागपूरच्या, शांतपणे म्हणाल्या, "अगं, कीड लागू नये म्हणून त्यांना विष लावायचे." आठ दिवस मी आरशात जीभ बघत होते. काकूंनी डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणलेले पेढेसुद्धा खाल्ले नाहीत.

काकूंचा नियम एकच. पानावर काहीही लिहिलं तर खाली नाव हवं. निनावी लिहिणं म्हणजे नासधूस. अशाने एकाची नोकरी गेली होती, हे त्या दर महिन्याला न चुकता सांगायच्या.

माझ्याहून भित्रे एकच, मोठे साहेब. दीडशे वर्षांपूर्वी हे कलेक्शन उभं करणारे बॉटनिस्ट. त्यांची पत्रं स्कॅन करायचं काम माझं. त्यांची निम्मी झाडं शोधून दिली एबेलने, घोड्यांना नाल ठोकणाऱ्या एका माणसाने. पत्रात एबेलला मित्र म्हणायचे आणि शेवटी लिहायचे, पाहुणे असले तर मागच्या दाराने ये. क्लबात कळलं तर काय, ही धास्ती! पानांवर नाव एकट्या साहेबांचं. एबेलचं अक्षर पेन्सिलीने, मागच्या बाजूला, सहीशिवाय.

एकदा एबेल चुकून पुढच्या दाराने आला. साहेबांनी पाहुण्यांना सांगितलं, घोड्याला नाल ठोकायला आलाय. साहेबांकडे घोडाच नव्हता! हे त्यांनीच पुढच्या पत्रात कबूल केलंय, माफीही मागितलीय. मी खूप हसले यार, मग माझी वेळ आली.

एबेलने शोधलेल्याच एका झाडाला आमच्या बॉसने, म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाईडने, नवं नाव दिलं होतं. ते चुकीचं होतं. पानामागे एबेलने लिहिलेलं नाव बरोबर होतं, मी तीन महिने तपासलं. पण माझी डिग्री बॉसच्या सहीवर आणि व्हिसा डिग्रीवर. तीनदा केबिनपर्यंत गेले, तीनदा प्रिंटरचा कागद कुठे असतो ते विचारून परतले. शेवटी एका दुपारी एबेलच्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलं, "सरांचं चुकलंय. एबेलचं बरोबर आहे." मराठीत, म्हणजे कुणाला कळायला नको. नाव अर्थातच नाही. काकूंना मराठी येतं हे घरी गेल्यावर आठवलं आणि जेवण गेलं नाही.

काकूंनी वाचलं असणार. त्या महिन्यात त्यांनी नोकरी गेल्याची गोष्ट सांगितली नाही.

मग देणगीदार आले. बॉसने कौतुकाने नेमकं तेच पान काढलं, उलटलं आणि विचारलं, ही कुठली लिपी? रिटायरमेंटला वर्ष उरलेल्या काकू पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "ते मी लिहिलंय."

"नाही," मी म्हटलं. "मी लिहिलंय."

बॉस म्हणाले, मग वाच. मी सगळ्यांसमोर इंग्लिशमध्ये वाचलं. बॉसने खिशातून पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली.

"खाली नाव नाहीये," ते म्हणाले.

काकूंनी पान धरून ठेवलं. मी आधी एबेलच्या ओळीखाली एबेलचं नाव लिहिलं. मग माझं.