फक्कीची रेघ

जमीन विकायचं ठरलं तेव्हा त्या जमिनीवर राहणाऱ्यांना मी विचारलं नाही. ही चूक माझी एकट्याची. अमरावतीच्या बैठकीत एका विश्वस्तांनी विचारलं होतं, "मुलांना सांगितलं का?" साठीला टेकलेल्या माणसांनाही आम्ही मुलंच म्हणत होतो. "त्यांना काय कळणार आहे?" असं म्हणून मी पुढचा विषय घेतला.

मतिमंद प्रौढांची आमची निवासी संस्था अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाताना लागते. पुढे इमारत, मागे काळ्या मातीचं वावर. पूर्वी सुगीला आसपासच्या गावांतून ज्वारीची, तुरीची पोती यायची. नापिकीच्या, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत ती थांबली. ज्यांच्याकडे धान्य मागायला जायचं, त्यांच्याच ओसरीवर आम्ही सांत्वनाला जाऊन बसत होतो. म्हणून मागचा अर्धा भाग विकायचा आणि पुढच्या भागात नवी इमारत बांधायची, असा आराखडा मी केला. आराखडा वाईट नव्हता, असं मला आजही वाटतं.

कापसाची वेचणी चालू होती. दुपारी मोजणीवाले आले आणि घेणाऱ्याला हद्द दिसावी म्हणून त्यांनी वावराच्या मधोमध चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ ओढली. मी सावलीत उभा राहून बघत होतो.

चहाची घंटा झाली. पलीकडे वेचणारे ओटीत कापूस घेऊन निघाले आणि रेघेपाशी थांबले. सगळेच, एका ओळीत. अलीकडचे त्यांना आणायला गेले, तर तेही रेघेपाशी थांबले. हातभर अंतरावर समोरासमोर दोन रांगा, आणि कुणाच्या तोंडून आवाज नाही. एरवी चहाच्या घंटेला त्यांचा गलका रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. 

मोजणीवाला हसला. "सायेब, ह्याईले परेड कोन शिकवली?"

"यायनंच शिकवली," स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "एक जन विहिरीत पडला तवापासून घोकून घेतलं, पांढरी रेघ वलांडाची नाई. आता आना बलावून!"

खरं होतं. विहिरीभोवती रेघ, रस्त्याच्या कडेला रेघ, आणि रेघेपल्याड आपलं काही नाही. हे त्यांच्या अंगी मुरवायला मला मोठा काळ लागला होता, आणि बैठकीत मी त्याबद्दल शाबासकीही घेतली होती.

आम्ही पायांनी रेघ पुसली, वरून पाणी मारलं. एकेकाचा हात धरून अलीकडे आणलं. डोळे घट्ट मिटून आले बिचारे. एक जण मात्र आले नाहीत. संस्था सुरू झाल्यापासून राहणारे, सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी हात पुढे केला तर ते वळले आणि रेघेपलीकडच्या कोठ्यात, वेचलेल्या कापसाच्या ढिगाशी जाऊन बसले. त्यांना फिट यायची, त्यामुळे कुणीतरी जवळ लागायचं. रखवालदाराला तिथे बसवलं. रात्रीचं जेवण भाऊंनी परत पाठवलं. गोळीही.

सकाळी रेघेचा मागमूस नव्हता. तरी वेचणीला निघालेली रांग नेमकी तिथेच थांबली. मी त्यांच्यासमोर पलीकडे गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. त्यांच्या माना माझ्याबरोबर वळत होत्या, पाय हलत नव्हते. पलीकडे फुटलेला कापूस तसाच लोंबत होता. वारा नव्हता. तिसऱ्यांदा जाताना माझंच पाऊल त्या जागी उंच उचललं गेलं. खाली नुसती काळी माती होती, आणि मला रेघ दिसत होती.

मी कोठ्यात गेलो. भाऊंचा चेहरा उतरला होता.

"भाऊ, रेघ पुसली. घरी चला. गोळी घ्यायची आहे."

"पुसली, त मारली कावून?"

मी गोळी पुढे धरली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"हे वावर इकून राहिला तू?"

"अजून विकलं नाही."

ते थांबून थांबून बोलत. "रेघ मारली तवा मी इकडंच होतो." त्यांनी ढिगातला कापूस मुठीत धरला. "मंग मलेबी इकलं का?"

वावर विकलं जाणार नाही, असं सांगितलं असतं तर ते कदाचित लगेच उठले असते. पण ते वचन देणं माझ्या हातात नव्हतं. मी ढिगाशेजारी मातीवर बसलो. इतकी वर्षं त्यांच्याशी मी संस्थेची, शिकवण्याची भाषा बोलत आलो होतो. ती तोंडात आली नाही. आमच्या घरची आली.

"नाई, भाऊ. तुमाले कोनी इकलं नाई. वावर इकाचं आमी ठरवून राहिलो, आन तुमाले इचारलं नाई. तुमी इकडं होते, मले दिसत होतं, तरी मी रेघ मारू देल्ली. चुकलं माह्यं. मले माफ करा."