मंजूर करणारी शेजारीण

मूर्खपणा माझाच. गेल्या वर्षी मी लहान होते, सत्तरीही गाठली नव्हती, आणि गोड बोलण्याला भुलत होते.

पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावासाठी हवामानाचे, बाजारभावाचे, वाघाचे मेसेज एआय एजंट लिहितात. पण शेजारणीनं 'मंजूर' दाबल्याशिवाय एकही मेसेज लोकांच्या फोनवर जात नाही. ती प्रत्येक मेसेज मोठ्यानं वाचते, मग स्क्रीनलाच दरडावते, "कुठी पाह्यलं तू?" आणि बरेचसे पुसून टाकते. मला वाटायचं, बाई भांडखोर आहे.

मोहफुलांच्या दिवसांत एका पहाटे ती गोठ्यात गेली आणि मी तिच्या खुर्चीत बसले. एजंटनं लिहिलं होतं, "ताई, वाघ दूर गेला आहे. निर्धास्त मोहफुलं वेचायला जा." इतक्या गोडव्याला नाही कसं म्हणायचं? मी मंजूर केलं, वर सुनेलाही हाक मारून सांगितलं.

शेजारणीनं परत येऊन ते वाचलं आणि ती अनवाणीच जंगलाच्या वाटेला धावली. वाघ दूर गेल्याची बातमी जुनी होती. त्यानंतर आदल्या संध्याकाळीच तो जंगलाच्या वाटेवरच्या ओढ्यावर पुन्हा दिसला होता. सगळ्या बायांना तिनं माघारी आणलं.

मी गुपचूप चहा पुढे केला. तो बशीत ओतत ती म्हणाली, "मावशी, तुमची सून सगळ्यात पुढं होती. म्हणे, सासूबाईनं पाठवलं. मी म्हणलं, त्या बाईचं आजच काऊन ऐकलं तू?"