मसाल्याची बीअर आणि बोटभर पाणी

नाताळच्या आठवड्यात वाघोलीच्या एका ब्रुअरीत मसाल्यांची बीअर चाखायला गेलो होतो. दालचिनीची, लवंगेची, संत्र्याच्या सालीची, असे छोटे छोटे ग्लास समोर आले. बीअरला गरम मसाल्याची फोडणी कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. पण कर्वेनगरहून एवढं लांब गेल्यावर चाखणं भाग होतं.

माझ्याच टेबलावर साठीचे एक गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी. प्रत्येक ग्लास उचलण्याआधी ते बोट बुडवून फरशीवर थेंब शिंपडायचे आणि मग डोळे मिटून घोट घ्यायचे. पिण्याआधी असे थेंब उडवणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण हे बोट बुडवत होते ते शेजारच्या पाण्याच्या ग्लासात.

शेवटी न राहवून विचारलं, "अहो, लोक बीअरचे थेंब उडवतात. आपण पाण्याचे?"

"वडलांना देतोय," ते म्हणाले. "माळकरी व्हते. त्यांना बीअर कशी देऊ?"

लवंगेची त्यांना आवडली असावी. ग्लास रिकामा करून म्हणाले, "हे समदं आमचं रान व्हतं. इकलं. वडलांची समाधी हितंच व्हती."

"नेमकी कुठे?"

त्यांनी चकचकीत फरशीवरून सावकाश नजर फिरवली. तांब्याच्या टाक्या, दिव्यांनी सजवलेलं झाड, माणसांनी भरलेली टेबलं.

"आता वळखू येत न्हाय," ते म्हणाले. "म्हणून दर येळी दुसऱ्या टेबलाला बसतो."

मी टेबलाखालचे पाय हळूच मागे घेतले.