दोन टायरमधली फट
ट्रकची मागची चाकं दिसली, की माझी नजर आधी जोडीच्या टायरांमधल्या फटीवर जाते. माझ्या भावानं जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, गॅस आणि पाण्याची टाकी बसवली होती, आणि गाडी उंच दिसावी म्हणून टायर एक साइज मोठे टाकले होते. पहिल्याच सहलीला आम्ही सगळे यवतमाळहून हैदराबादला निघालो. मला सासरहून कायमचं परत येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पलंगाखालची दोनशे लिटरची टाकी सकाळी मीच बादल्यांनी भरली. पांढरकवड्याजवळ रबर जळाल्याचा वास आला. टायरवाल्यानं मागच्या जोडीत बोटं घालून पाहिली. "रिकाम्या गाडीत फट दिसली असन भाऊ. वजन पडलं का टायर फुगते न् एकमेकाले घासते. जुना साइज टाका, नाही तं वजन उतरवा." भावानं आत डोकावून वहिनीकडे, पोरांकडे, आईकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "तू एसटीनं घरी जाय ना." आई खिडकीबाहेरच्या कपाशीच्या पऱ्हाटीकडे बघत म्हणाली, "जाय बाई, तुले तरी तिकडं काय काम हाय?" माझं वजन तेव्हा पंचेचाळीस किलो होतं. टाकीचा नळ माझ्या पायाशीच होता. पाणी सोडून द्यावं हे मला सुचलं होतं, पण ते दुसऱ्या कोणी म्हणावं म्हणून मी पिशवी घेऊन दारात जरा रेंगाळले. गाडी गेली, मी भरलेल्या पाण्यासकट. आता आई माझ्याकडंच असते. तिला पाण्याचा पेला देताना त्या टाकीची गोष्ट रोज माझ्या ओठांवर येते, आणि मी रिकामा पेला उचलून विसळायला नेते.