सदाशिवचा हात चुकला नव्हता

‘खिडकीवाले गेले.’ वर्कशॉपशेजारच्या दिनूचा हा निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी कासारवाडीत न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. अर्ध्या गालाला साबण होता. न्हाव्यानं विचारलं, कोण गेलं? मी म्हणालो, सदाशिव, माझा जुना भागीदार. राहिलेली दाढी करून घेतली आणि निगडीची बस धरली. सदाशिवच्या इमारतीखाली चपलांचा ढीग पडला होता. दोन दिवसांनी भोसरीत, आमच्या वर्कशॉपच्या गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. चष्मा लावलेला, हसरा सदाशिव, खाली श्रद्धांजलीचे शब्द, आणि नावाशेजारी कंसात ‘खिडकीवाले’. लावणाऱ्यांनी तो प्रेमानंच लावला होता. गल्लीनं ज्याला टोपणनाव दिलं तो गल्लीचा माणूस, अशी आमच्याकडची रीत. पण मला त्या फ्लेक्सखाली उभं राहवलं नाही. ते नाव त्याला माझ्यामुळं पडलं होतं, आणि हे ठाऊक असलेला मी एकटाच. तो जिवंत होता तेव्हाही एकटाच होतो.

आम्ही दोघं एका कंपनीत एकाच खात्यात लागलो. मी राजगुरुनगरकडचा, तो लातूरकडचा. डब्यातल्या ठेच्यावरून पहिलं भांडण आणि त्याच ठेच्यावरून दोस्ती. ते खातं बंद पडलं तेव्हा मिळालेल्या पैशांत भोसरीत एक गाळा घेतला आणि लायनरचं काम सुरू केलं. इंजिनात पिस्टन ज्या नळकांड्यात वर-खाली होतो, त्याच्या आतली लोखंडी बाही म्हणजे लायनर. ती झिजली की जुनी काढायची आणि नवी बसवायची. ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर, जे येईल ते आम्ही केलं. बोलणी करायला मी, हात सदाशिवचा. नवा लायनर थंड करतात, बाहेरचा ब्लॉक तापवतात, आणि गरम भोकात तो गार लायनर एका झटक्यात सोडावा लागतो. क्षणभरात दोन्ही एकमेकांना असे धरतात की मग देव आला तरी हलत नाही. सदाशिव त्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचा, तोंडातली सुपारी थुंकायचा, श्वास सोडायचा आणि मग लायनर सोडायचा. पाळण्यात झोपलेलं पोर ठेवावं तसा. आमचा एक नियम होता. ज्यानं लायनर टाकला त्यानं तो तपासायचा नाही, कारण स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही. त्यामुळं टाकणार सदाशिव आणि बॅटरी घेऊन बघणार मी. तो विचारायचा, ‘बघितलं?’ मी म्हणायचो, ‘बघितलं.’ तेवढ्यावर तो हात धुवायला जायचा.

एका दिवाळीच्या तोंडावर कोकणातल्या एका किनाऱ्यावरचा धंदेवाला टेम्पोतून एक इंजिन घेऊन आला. पर्यटकांना समुद्रात फिरवतात त्या वॉटर स्कूटरचं. खारं पाणी आत जाऊन दोन्ही सिलिंडर खराब झाले होते आणि सुट्ट्यांचा हंगाम डोक्यावर होता. सदाशिवनं ब्लॉक उलटासुलटा करून पाहिला, आत बोट फिरवलं आणि मला बाजूला घेतलं. ‘बाळू, याला खिडक्या हायत. आपण ट्रकवाली माणसं. हे दुसऱ्याला दे.’ खिडक्या म्हणजे त्या लायनरच्या अंगाला कापलेली भोकं. ट्रकच्या लायनरला ती नसतात, तो कसाही फिरवून टाकला तरी चालतो. या इंजिनात हवा-पेट्रोल त्या खिडक्यांतून आत येतं आणि धूर त्यांतूनच बाहेर जातो. लायनरची खिडकी ब्लॉकमधल्या वाटेसमोरच आली पाहिजे. जरा फिरली की वाटेत भिंत. मी त्या धंदेवाल्याला आधीच शब्द देऊन बसलो होतो. वर त्याच्यादेखत म्हणालो होतो की आमच्याकडं एक काम दोनदा होत नाही. सदाशिव हसला. म्हणाला, ‘जीभ तुझी, हात माझा. चल, करू.’

नवे लायनर खिडक्या कापून आले. आमच्याकडं ना फ्रीज ना भट्टी. लायनर कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये, मटक्याच्या कुल्फ्यांशेजारी ठेवले आणि ब्लॉक शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत. आइस्क्रीमवाला म्हणाला, बरंय, तुमचा माल वितळत तरी नाही. सदाशिवनं आदल्या दिवशी तासभर बसून दोन्ही लायनरवर मार्करनं बारीक रेघ मारून ठेवली होती आणि ब्लॉकवर तिला जुळणारी कोरीव खूण केली होती. रेघ खुणेवर आली की खिडकी वाटेवर. पहिला लायनर बसला आणि मी बघितला, अगदी चोख. ब्लॉक पुन्हा तापायला गेला. सदाशिव हातमोजे घालून तो आणायला भट्टीकडं गेला तेवढ्यात मी दुसरा लायनर फ्रीझरमधून आणला. त्याच्यावर पांढरं दव धरलं होतं. हाताशी थिनरचा बोळा होता. लायनर पुसल्याशिवाय टाकायचा नाही ही वर्षानुवर्षांची सवय… मी पुसला. दव गेलं आणि त्याबरोबर रेघही गेली.

सदाशिव तापलेला ब्लॉक घेऊन येताना दिसत होता. हाक मारून थांबवता आलं असतं. ब्लॉक निवला असता, पुन्हा तापवावा लागला असता, आणखी एक दिवस गेला असता, बस. पण तो धंदेवाला पिंपावर बसून चहा पीत माझ्याकडं बघत होता. मी मार्कर उचलला आणि नजरेच्या अंदाजानं नवी रेघ मारली. सदाशिवनं ब्लॉक ठेवला, लायनर हातात घेतला, श्वास सोडला आणि लायनर टाकला. रेघ खुणेवर तंतोतंत आली. मी बॅटरी घेऊन धुराच्या वाटेतून आत पाहिलं. खिडकीच्या एका कडेला लोखंडाची भिंत दिसत होती, नखाच्या कोरीएवढी. ‘बघितलं?’ त्यानं विचारलं. मी म्हणालो, ‘बघितलं.’

नखाएवढ्यानं काय होतंय, असं मी मनाला समजावलं. व्हायचं ते समुद्रात झालं. इंजिन तापून जाम झालं, आणि त्या धंदेवाल्याच्या पुतण्याला मासेमारीच्या होडीनं दोरी बांधून किनाऱ्याला आणलं. माणसाला इजा झाली नाही एवढं नशीब. ब्लॉक टेम्पोत घालून धंदेवाला परत आला आणि गल्लीत उभा राहून बोलू लागला. शेजारचा लेथवाला दिनू बॅटरी घेऊन वाकला आणि म्हणाला, ‘आयला, यांनी खिडकी भिंतीला लावली राव!’ सगळी गल्ली हसली. धंदेवाला ओरडला, टाकला कुणी हा? सदाशिव म्हणाला, ‘मी टाकला.’ बघितला कुणी, हे त्यानं सांगितलं नाही, आणि बघणाऱ्याचं नाव कुणी विचारतही नाही. मी तिथंच होतो. हातातला बोळा घडी घालत होतो.

हेही कदाचित विसरलं गेलं असतं. पण त्याच संध्याकाळी, शटर ओढायच्या आधी, सदाशिव माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ‘बाळू, मी खुणेवर टाकला होता की रं. तू तर बघितलास.’ त्याला फक्त एक शब्द हवा होता. मी म्हणालो, ‘शेवटच्या क्षणाला हात सरकला असेल.’ त्यानं आपले दोन्ही हात पुढं धरले, उजेडात बघितले. मी शटर ओढलं.

त्यानंतर त्यानं लायनर टाकला नाही. ट्रकचासुद्धा नाही. म्हणायचा, ‘हात गेला राव माझा.’ गुपचूप डॉक्टरला दाखवून आला. डॉक्टर म्हणाले, काही नाही. तरी काही महिन्यांनी त्यानं गाळ्यातला हिस्सा सोडला आणि चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या कामाला लागला. निगडीहून कंपनीची बस होती. भेटला की म्हणायचा, ‘आता आपण नुसतं बघायचं. टाकतात दुसरी.’ तो हसून सांगायचा आणि मी त्याच्या हसण्यात काही दडलंय का ते शोधत बसायचो. दडलेलं काही नव्हतं. गल्लीत आला की कुणीतरी हमखास विचारायचं, ‘काय खिडकीवाले, आज कुठल्या भिंतीला?’ तो म्हणायचा, तुझ्या सासऱ्याच्या. लोक खूश, तोही खूश. मी मात्र त्याच्याबरोबर गल्लीत जाणं टाळू लागलो. माझी बायको गेली तेव्हा तो रोज संध्याकाळी येऊन माझ्याशेजारी बसायचा, टीव्ही बघायचा, निघताना कडी नीट लाव म्हणायचा. सांगायचं तर तेव्हा सांगता आलं असतं. पण त्याला घालवून बसलो तर संध्याकाळी येणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून नाही सांगितलं. खरं कारण एवढंच आहे आणि ते चांगलं नाही.

आता गाळा भाड्यानं गेलाय, मुलगा दूर आहे, आणि फोन वाजला तर बहुतेक कर्ज हवंय का विचारणारा असतो. तेव्हा ज्यांनी तो फ्लेक्स वाचला, ज्यांनी ते नाव हाक म्हणून वापरलं, त्यांच्यासाठी मी इथं लिहून ठेवतो. सदाशिवनं दुसरा लायनर रेघेवर सरळ टाकला होता. रेघ चुकीची होती आणि ती मी मारली होती. खिडकी भिंतीला मी लावली. बघितलं मी, आणि खोटं सांगितलं तेही मीच.

हे आधी सदाशिवच्या बायकोला, शांतावहिनींना सांगायला हवं होतं, म्हणून गेल्या आठवड्यात निगडीला गेलो. घरात त्या एकट्याच होत्या. मी विषय काढायच्या आतच त्या त्याच्याबद्दल बोलू लागल्या. म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमाला म्हणून सांगते. रोज सकाळी चहाचा कप काठोकाठ भरून घ्यायचे आणि ओट्यापासून गॅलरीपर्यंत हातात धरून चालायचे. शेवटच्या महिन्यापर्यंत. एक थेंब सांडायचा नाही. मग तिथं उभं राहून मला विचारायचे, शांते, हात तर बराय… मग तवा कसा चुकला?’

मी सगळं सांगितलं. दव, थिनरचा बोळा, मार्कर, नखाएवढी भिंत. संध्याकाळी त्यानं विचारलं आणि मी काय बोललो, तेही. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. रागावतील, जा म्हणतील असं वाटत होतं. म्हणाल्या, ‘येवढंच ऐकायचं होतं की हो त्यांना.’

मग त्या उठल्या आणि चहा ठेवला. मी नको म्हणालो, ते त्यांच्या कानावर गेलं नसावं. कप ओट्यावर ठेवून त्यांनी चहा गाळला, आणि हाताला जी सवय होती तसाच भरला, अगदी काठापर्यंत, वर थोडा फुगून आलेला. ‘घ्या,’ म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. मी कपापर्यंत हात नेला. माझ्या हातानं उचलला असता तर सांडला असता… मी हात मागं घेतला, ओट्याशी वाकलो आणि कप तिथंच ठेवून तोंड लावलं.