कनवटीचा गोटा

आमटीसाठी चिंच उकळत ठेवली, की मला सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला आमचा दगड-दागिने घडवायचा छंदवर्ग आठवतो. तिथं चांदीचे सांधे जोडले, की काळवंडलेला दागिना चिंचेच्या पाण्यात उकळून आम्ही उजळायचो.

वडील गेल्यावर मेंढरं विकून आई सांगोल्याकडच्या गावाहून माझ्याकडे आली. शहरात तिला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दिवसभर गप्प बसायची. म्हणून मी तिला माझ्याबरोबर वर्गाला नेऊ लागले. एके दिवशी तिनं कनवटीतून एक तांबूस गोटा काढला. मेंढरांमागं फिरताना सापडलेला, वर्षानुवर्षं जपलेला.

"मावशी, मी कापून देते," शिकवणाऱ्या मीनाताई म्हणाल्या. "नवख्या हातानं फुटेल."

"फुटला तर माज्या हातानं फुटू दे की," म्हणत आई दगड कापायच्या चाकासमोर बसली.

गढूळ पाणी ओघळत होतं, दगड किंचाळत होता. गोटा सरळ चिरला गेला आणि आत मधाच्या रंगाचे पट्टे झळकले. पुढं कितीतरी दुपारी खपून तिनं तो घासला, चांदीच्या अंगठीत स्वतः बसवला.

तेव्हा वाटलं होतं, आईला विरंगुळा मिळाला. आज तिच्या वयाला पोचल्यावर कळतं, त्या चाकासमोर बसली तेव्हाच ती सोलापुरात खरी राहायला आली.

अंगठी घालून आई पहिल्यांदा घरी येत होती, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "छान आहे हो! कुठून घेतली?"

आईनं हात पुढं केला आणि ती सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घेतली न्हाय. केली!"