अप्पांनी सांगितलं होतं

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही. आई होती तोवर तिलाही नाही. देवळात हात जोडून उभी राहते तेव्हा ओठांपर्यंत येते — आणि मी दुसरंच काहीतरी मागून परत फिरते. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. बघते.

मी विम्याची कामं करते. घाटनांदूर आणि आजूबाजूची गावं. नवरा सहकारी सूतगिरणीत होता, ती बंद पडली, तेव्हा मी ही एजन्सी घेतली. डोक्यावर साहेब नाही, पगारही नाही — फिराल तर मिळेल. सुरुवातीला लोक तोंडावर म्हणायचे, "मॅडम, सकाळी सकाळी मरणाचं कावून बोलता?" मग हळूहळू पाट द्यायला लागले, चहा द्यायला लागले. बायका मला आतलं सांगू लागल्या. कुणाला फीट येते, कुणाचा नवरा पितो, कुणाच्या छातीत दुखतं. माझ्या धंद्यात हेच असतं. समोरच्यानं विश्वासानं सांगायचं आणि आपण जसंच्या तसं लिहायचं. यापेक्षा जास्त काय असतं त्यात?

अप्पा शेजारच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. लिंगायताचं घर, कपाळाला भस्म, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. संस्थेत दूध घालायला येणाऱ्याचं माप तेच घेत, फॅट तेच काढत. तो दुष्काळाचा काळ होता. जनावरं छावणीत, गावात टँकर, आणि दूध इतकं कमी की घागरीतलं भांड्यात आलेलं. अशा वेळी दुधात पाणी घालणारे वाढतात. एकदा अप्पांचे सख्खे मोठे भाऊ दूध घेऊन आले. मी तेव्हा तिथंच बाकावर बसले होते. अप्पांनी माप घेतलं, फॅट बघितलं आणि खाली मान घालून म्हणाले, "दादा, पाणी हाय यात. परत न्या." भाऊ तसेच निघून गेले. पुढं दोन दिवाळ्या त्यांनी अप्पांच्या घरात पाऊल ठेवलं नाही. गावात कुणाला अप्पांच्या मापावर शंका नव्हती, ती यामुळे.

हे मी एवढं लांबवून का सांगतेय? कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

मार्च संपत आला होता. वर्षाच्या ठरलेल्या पॉलिसी झाल्या नाहीत तर एजन्सी जाते. दुष्काळात नवी पॉलिसी घेतो कोण? मला एक कमी पडत होती. एकच. मी अप्पांकडे गेले. त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, "पोरीच्या शिक्षणाला होईल. भरा फॉर्म." दूध संस्थेच्या टेबलावरच आम्ही बसलो. फॉर्म इंग्रजीत. मी प्रश्न वाचायची, मराठीत सांगायची, ते उत्तर द्यायचे, मी लिहायची. आजाराचे प्रश्न आले तेव्हा ते मी विचारायच्या आधीच बोलले.

"मला शुगर हाय, मॅडम. अंबाजोगाईच्या दवाखान्यात गोळ्या चालू हायत. तेवढं लिवा बरं का."

शुगर लिहिली की डॉक्टरची तपासणी आली, रक्ताचे रिपोर्ट आले, वरच्या ऑफिसची परवानगी आली. पंधरा दिवस तरी गेले असते. महिना संपायला उरले होते दोन. पॉलिसी मिळाली नसती असं नाही — मिळाली असती, हप्ता थोडा वाढला असता, एवढंच. मला ते माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

मी मान हलवली. "लिहिते," म्हणाले. आणि त्या रकान्यात मी "नाही" लिहिलं.

त्यांनी पेन घेऊन मराठीत सही केली, सावकाश, एकेक अक्षर. खाली माझीही सही होती — सगळं वाचून दाखवलं, समजावून सांगितलं, म्हणून.

दुसऱ्या वर्षी पाऊस पुन्हा ओढला. एका दुपारी अप्पा कॅन धुता धुता खाली बसले ते उठलेच नाहीत. हार्ट अटॅक. मी गेले, रडले. खरंच रडले. त्यांच्या बायकोला, महानंदावहिनींना, मीच म्हणाले, "कागदपत्रांची काळजी करू नका, मी आहे." हे म्हणताना मला तो रकाना आठवला नव्हता का? आठवला होता. वाटलं, कोण बघतंय.

मरण लवकर आलं की कंपनी चौकशी करते. अधिकारी अंबाजोगाईला गेला, दवाखान्यातले कागद काढले, मग माझ्या घरी आला. सभ्य माणूस होता. पाणी प्यायला आणि विचारलं, "त्यांनी तुम्हाला शुगरचं सांगितलं होतं का?"

मी म्हणाले, "नाही."

त्यानं ते लिहून मागितलं. मी लिहून दिलं — विमेदाराने मला कोणत्याही आजाराची माहिती दिली नव्हती. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच आलं.

विमा नामंजूर झाला. माहिती लपवली, म्हणून. पत्र मीच वहिनींना वाचून दाखवलं, कारण दुसरं कोण दाखवणार? त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. पैशाचं त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या —

"मी म्हणलं होतं त्यांना, शुगरचं सांगा म्हणून. त्या दिवशी घरी आल्यावर परत इचारलं. म्हणले, सांगितलं. मॅडमनी लिवलं बी." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग ते माझ्याशी बी खोटं बोलले?"

तेव्हा मी बोलू शकले असते. खोलीत आम्ही दोघीच होतो. दार उघडं होतं, बाहेर ऊन होतं, कुणी अडवलं नव्हतं. मी काय म्हणाले माहीत आहे? "घाबरले असतील, वहिनी. पुरुषमाणसं सांगत नाहीत." वर त्यांच्या पाठीवरून हातही फिरवला.

गावाला कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच्या दुधातलं पाणी काढणाऱ्यानं कंपनीला फसवलं, असं पारावर बोलायला लागले. मोठ्या भावाला तर आयतंच सापडलं. आणि वहिनी — त्या भांडल्या नाहीत. खरं बोलण्यासाठी ज्या माणसानं सख्खा भाऊ तोडला, त्याच्याबद्दल कुणी काही बोललं तर त्या गप्प बसायच्या. म्हशी विकल्या, शाळेत खिचडी शिजवायला लागल्या, पोरीला शिकवलं. मी जायची अधूनमधून. मला बघून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "ह्या मॅडमनी लई धडपड केली आमच्यासाठी. आमच्याच माणसानं खोटं केलं, त्या तरी काय करतील?" आणि मी चहा प्यायची.

मागच्या वर्षी वहिनी गेल्या. त्याच समजात गेल्या. अडतीस दिवस दवाखान्यात होत्या, मी तीनदा भेटायला गेले. तीनही वेळा सांगायचं ठरवून गेले होते. पहिल्या वेळी नातेवाईक होते. दुसऱ्या वेळी त्या झोपल्या होत्या. तिसऱ्या वेळी कुणी नव्हतं, जाग्या होत्या, माझा हातही धरला होता त्यांनी. मी छावणीच्या दिवसांबद्दल बोलत बसले.

त्यांची मुलगी शैला आता लातूरला नर्स आहे. तिला अप्पांचं तोंड आहे, अगदी तसंच. गेल्या महिन्यात तिनं मला बोलावून घेतलं, तिला स्वतःचा विमा काढायचा होता. दुसऱ्या कुणाकडून काढला असता तर! पण म्हणाली, "मावशी, तुम्हीच आमच्या घरच्या." आता फॉर्म मोबाईलवर भरतात. आजाराचे प्रश्न आले. ती म्हणाली, "थायरॉइड आहे मला. गोळीचं नावसुद्धा टाका. अप्पांनी केलं तसं मला नाही करायचं."

मी टाकलं. नाव, डोस, सगळं.

ड्यूटीचा पांढरा कोट अजून तिच्या अंगावरच होता. मग तिनं हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही होतात ना तिथं? त्यांनी खरंच काही सांगितलं नव्हतं तुम्हाला? माझ्याशी बी खोटं का बोलले, असं आई शेवटी शेवटी सारखं घोकत होती."

मी मोबाईलवरून मान वर केली नाही. म्हणाले, "नाही गं." आणि फॉर्ममधला पुढचा प्रश्न वाचला.